तीन फोटोंचा एक फोटो

ऑक्टोबर लागला की आमच्या पुण्यातल्या सोसायटीत सगळे उन्हाच्या नावानं बोटं मोडायला लागतात. लिफ्टमध्ये भेटेल तो कपाळ पुसत "काय हे ऊन" म्हणतो. मी मात्र सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत जाऊन उभी राहते. पाऊस नुकताच गेलेला असतो, हवा धुतलेली असते, आकाशात पांढरे ढग आणि झाडांखालच्या सावल्या अगदी काळ्याकुट्ट. अशा उजेडात फोटो काढायला गेलं की कॅमेऱ्याची धांदल उडते. आकाश सांभाळलं तर जमीन काळी होते, जमीन सांभाळली तर आकाश पांढरंफटक. "हा उजेड एका फोटोत मावत नाही गं," असं आई म्हणायच्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी दर ऑक्टोबरला मला बडोद्याच्या एका शरदाची अशी काही ओढ लागते की हातातला चहा गार होतो, आणि मिलिंद, माझा नवरा, आतून विचारतो, "पोचलीस का बडोद्याला?"

पोचलेली असतेच मी.

बडोद्यात शरद ऋतू म्हणजे नवरात्र संपल्यापासून दिवाळीपर्यंतचे तेवढेच दिवस. त्याच्या आधी चिखल, त्याच्या नंतर धूळ. गरबा खेळून खेळून अख्खं शहर दमलेलं असायचं, सकाळी लवकर उठायला कोणी तयार नसायचं. रस्त्यावर दूधवाले, झाडूवाल्या बायका आणि आम्ही सासूसुना. शहराच्या एका टोकाला, वासण्याला, आमच्या सोसायटीच्या कुंपणापलीकडे तेव्हा शेतं होती. कपाशी, तूर, मधेच एखादं रायणीचं जुनं झाड, आणि बांधावर कमरेएवढं गवत. त्यातून चाललं की सलवार गुडघ्यापर्यंत ओली व्हायची आणि तिला कुसळं चिकटायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला, समाच्या बाजूला गेलं आणि कुठल्याही उंच गच्चीवर चढलं, की पावागढ दिसायचा. वर्षभर तो धुरात आणि धुळीत कुठेतरी असायचा, असेल म्हणून मानायचं. याच दिवसांत तो खरोखर दिसायचा, निळा, स्वच्छ, वरच्या सपाट माथ्यासकट, उतारासकट. दिवाळीचे फटाके फुटले की परत गायब.

आई मराठी शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त होऊनही त्यांच्यातली चित्रकलेची बाई काही निवृत्त झाली नव्हती. मी सकाळी ऑफिसला निघाले की दारातल्या ओटल्यावरून माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "ही ओढणी त्या कुडत्याशी भांडतेय." मी रांगोळी काढली की मी आत गेल्यावर त्यातला एखादा रंग बदललेला असायचा. मी उघड काही बोलत नसे, पण मनात धुसफूस चालू असायची. लग्नाला काही वर्षं होऊनही आमचं बोलणं स्वयंपाकघरापुरतंच होतं. शाक काय करायचं, दूध तापवलं का, मिलिंद किती वाजता येणार. मी समाची, त्या वासण्याच्या. एका गावात राहूनही आमची ओळख झालेली नव्हती म्हणा ना.

ती ओळख कॅमेऱ्यानं करून दिली. मिलिंदनं कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला गेला असताना हौसेनं एक चांगला डिजिटल कॅमेरा आणला होता. दोन वाढदिवस आणि एक मुंज झाल्यावर त्याची हौस फिटली आणि कॅमेरा कपाटात गेला. त्या वर्षी दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी आईंनी तो बाहेर काढला, हळदकुंकू वाहिलं, आणि परत कपाटात ठेवायच्या ऐवजी जवळच ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर त्या गच्चीवर. डोळ्याला कॅमेरा लावून उभ्या. मला बघून म्हणाल्या, "शुभा, हे यंत्र आंधळं आहे का गं? मला ढगही दिसतायत आणि ढगाखालचं झाडही दिसतंय. याला एकच काहीतरी दिसतं."

मी मकरपुऱ्याला पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात होते. पंपांचे कॅटलॉग करायचे, म्हणजे पंपांचे फोटो कॉम्प्युटरवर चकाचक करायचे. मागची कळकट भिंत कापून टाकायची, पंपावरचे ओरखडे पुसायचे. त्यामुळे मला माहीत होतं की तेव्हा एचडीआर नावाचं एक खूळ नेटवर नवीन आलेलं होतं. मी आईंना समजावलं. एकाच जागेचे तीन फोटो काढायचे, कॅमेरा तसूभरही हलू द्यायचा नाही. एक काळपट, त्यात आकाश नीट येतं. एक उजळ, त्यात सावलीतलं सगळं दिसतं. एक मधला. मग कॉम्प्युटर तिन्ही एकत्र करतो आणि प्रत्येकातलं चांगलं तेवढं घेतो.

"म्हणजे तीन फोटोंचा एक फोटो," आई म्हणाल्या.

"हो."

"आणि चांगलं कुठलं ते कॉम्प्युटर ठरवणार?"

मग त्यांनी काढलेले गच्चीवरचे तीन फोटो घेऊन मी हौसेनं बसले, सगळी बटणं शेवटपर्यंत सरकवली आणि त्यांना हाक मारली. आकाश जांभळं झालं होतं, गवत पोपटी, झाडाभोवती पांढरी झळाळी, आणि झाडाखालच्या सावलीतली प्रत्येक काटकी मोजून घ्यावी इतकी उघडी पडली होती. तेव्हा नेटवर सगळीकडे असेच फोटो असायचे आणि लोक त्यांना वाहवा म्हणायचे. आईंनी चष्मा लावला, बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हे गरब्याच्या मंडपासारखं दिसतंय."

मला राग आला. खरंच आला. पण त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या, आणि म्हणाल्या, "थोडं कमी कर. अजून कमी. अजून." मी बटण मागे मागे सरकवत राहिले. आकाश जांभळ्याचं निळं झालं, झळाळी विरली, सावली हळूहळू गडद होत आली. एका जागी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "बस. आता सावलीत काय आहे ते कळतंय, आणि तरी ती सावलीच आहे. आपल्या डोळ्यांना सगळं एकदम कुठे दिसतं? आधी ढग बघतो, मग खाली येतो, मग अंधारात जरा वेळ बघत राहिलं की दिसायला लागतं. तेवढा वेळ राहू दे त्यात." त्यांचा हात माझ्या हातावर पहिल्यांदाच होता. सुरकुतलेला आणि गार.

याच दिवसांत मिलिंदला पुण्याला चांगली नोकरी लागली होती. दिवाळीनंतर रुजू व्हायचं. तेव्हा बडोद्याहून सगळेच कुठे ना कुठे जात होते, कोणी अमेरिकेला, कोणी कॅनडाला, कोणी बंगलोरला. पुणं म्हणजे त्या मानानं अंगणच. मिलिंदनं धरलंच होतं की आई आपल्याबरोबर येणार. आई त्यावर हो म्हणत नव्हत्या, नाहीही म्हणत नव्हत्या. तो विचारायचा, त्या "बघू" म्हणायच्या आणि मटार सोलायला घ्यायच्या. शेवटी त्यानं ते काम माझ्यावर ढकललं. "तुझं ऐकते ती आजकाल. फोटो काढायला जाता ना दोघी? मग वाटेत काढ विषय."

आणि मलाही ते हवंच होतं. अगदी मनापासून हवं होतं. नवं गाव, नवं घर, नोकरी सोडून जायचं, आणि या बाईंशी माझी ओळख तर आत्ता कुठे होत होती. मला त्या पुण्यात हव्या होत्या. ओढणीवर शेरे मारायलासुद्धा हव्या होत्या.

मग रोज पहाटे मी स्कूटी काढायची आणि आई मागे बसायच्या, एका बाजूनं पाय सोडून, मांडीवर ट्रायपॉड आडवा. तो दोन्ही बाजूंनी इतका बाहेर यायचा की समोरून येणारे सायकलवाले आपणहून लांबून जायचे. सिंधरोटला महीच्या काठी कोतरं आहेत. पाण्यानं पिवळट मातीत कोरून काढलेल्या खोल घळी. सूर्य नुकताच वर आलेला असला की घळींच्या कडा सोनेरी होतात आणि आत अजून रात्रच असते. तीन फोटोंशिवाय तिथे गत्यंतर नाही. आई ट्रायपॉडचे पाय मातीत रोवायच्या, मला म्हणायच्या, "आता हलू नकोस, बोलूही नकोस," आणि बटण दाबायच्या. एक. मग जरा काहीतरी फिरवायच्या. दोन. मग श्वास रोखून तिसरा.

एका सकाळी पहिल्या आणि तिसऱ्या फोटोच्या मधे एक कळप घळीतून वर आला. आम्हाला वाटलं काही बिघडत नाही. घरी येऊन मी तिन्ही एकत्र केले तर पडद्यावर बकऱ्यांची भुतं. एका बकरीला तीन डोकी, दुसरीच्या पोटातून नदी दिसतेय, आणि गुराख्याची नुसतीच काठी चालली आहे, माणूस नाही. आई हसायला लागल्या त्या थांबेचनात. डोळ्यांतून पाणी, पदर तोंडाला. मीही हसत सुटले. आम्ही दोघी अशा एकत्र हसलो नव्हतो कधी. त्या हसण्याच्या ओघात मी म्हणाले, "आई, पुण्याला ना..." आणि त्यांनी डोळे पुसून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पुण्याला बकऱ्या नसतील एवढ्या." माझी मलाच लाज वाटली. पण त्या क्षणी मला ते हसू मोडवलं नाही.

फोटो कापणं ही त्यांची खास विद्या. कॉम्प्युटरच्या चौकटीवर त्यांचा विश्वास नव्हता. मिठाईच्या खोक्याचे त्यांनी दोन काटकोनी तुकडे कापले होते आणि ते त्या माझ्या जाडजूड मॉनिटरवर धरून पुढे-मागे सरकवायच्या. काच धुळीनं चरचरायची. माझी सवय पंपांची. विषय पकडायचा आणि आजूबाजूचं सगळं उडवायचं. रायणीच्या झाडाचा फोटो मी असाच अगदी झाडाला लागून कापला. "हा पंप नाहीये," आई म्हणाल्या. "त्याला उभं राहायला जागा दे. एवढी जमीन रिकामी आहे म्हणून तर ते एकटं दिसतं."

"मग काय काढून टाकू?"

"काय काढायचं ते आधी शोधू नकोस. काय काढलं तर चित्र पडेल, ते शोध. ते ठेवलं की बाकीचं आपसूक जातं."

एका फोटोत शेताच्या मधोमध विजेचा खांब होता. मी म्हटलं, पुसून टाकते, दोन मिनिटांचं काम. त्यांनी नाही म्हटलं. काठावर असेल तर कापावा, मधे असेल तर राहू द्यावा, पण पुसायचा नाही. तो तिथे आहे. मी वाद घातला की कापणं आणि पुसणं यात फरक काय, दोन्हीकडे तो दिसत नाहीच. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "कापलं की आपण म्हणतो, मी एवढंच दाखवतेय. पुसलं की म्हणतो, एवढंच होतं." मग उठून कुकर लावायला गेल्या.

आम्ही इतक्या काळजीनं केलेला पहिला फोटो प्रिंट करायला नेला, तर लॅबवाल्यानं तो भडक हिरवा करून हातात ठेवला. चेहऱ्यावर केवढं समाधान. "फोटो डल हतो, आंटी, में ब्राइट करी आप्यो." आईंनी त्याला दुकानाबाहेर नेलं, रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाकडे बोट दाखवलं आणि चोख गुजरातीत विचारलं की हे झाड तुला किती हिरवं दिसतं. तो बराच वेळ झाडाकडे बघत उभा राहिला. दुसरी प्रिंट त्यानं जशीच्या तशी काढली आणि पुढे त्यांचा पक्का दोस्त झाला.

हे सगळं सांगताना मला सारखी भीती वाटते, की माझ्याकडूनही तेच होतंय. आठवण लिहायला बसलं की हात बटणावर जातो आणि सगळं उजळ करावंसं वाटतं. म्हणून मुद्दाम सांगते, आई काही देवी नव्हत्या. मनाविरुद्ध झालं की दोन-दोन दिवस अबोला धरायच्या. माझ्या माहेरच्यांना त्यांनी एकदा लावून बोललेलं मी अजून विसरलेले नाही. त्या शरदातसुद्धा एका सकाळी ट्रायपॉड माझ्या हातून पडला तर घरी येईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. हे असू दे. हे काढलं तर त्या राहतच नाहीत. आणि बरंच काही मी कापलंही आहे, ऑफिसातला निरोप, सामानाची बांधाबांध, मिलिंदची आणि माझी भांडणं. एवढंच होतं असं नाही. मी एवढंच दाखवतेय.

दिवाळी तोंडावर आली. मिलिंद रोज विचारायचा, "बोललीस का?" आणि मी रोज म्हणायची, उद्या. त्या "उद्या"त एका सकाळी आम्ही माझ्या माहेरी समाला गेलो, पावागढचा फोटो घ्यायला. माझी मम्मी खाली देवपूजेत होती. आम्ही दोघी गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. समोर घरांच्या गच्च्या अजून अंधारात, मागे पूर्वेचं आकाश पेटायला लागलेलं आणि त्याच्या डाव्या अंगाला पावागढ. मधे एक मोठी इमारत उठत होती, तिच्यावर क्रेन. पुढच्या वर्षी इथून काही दिसणार नाही, हे दोघींनाही कळत होतं. मी म्हटलं, क्रेन कापता येईल. आई म्हणाल्या, राहू दे, तिच्याचमुळे कळेल आपण कधी आलो होतो.

त्यांनी पहिला फोटो घेतला. मी धीर केला. "आई, पुण्याला तर चहूकडे डोंगर आहेत."

"असतील की. येईन ना मी बघायला. पाहुणी म्हणून येईन." त्यांनी दुसरा घेतला आणि कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता म्हणाल्या, "मिलिंदनं तुला माझ्यामागे लावलंय ना?"

"हो," मी म्हटलं. खोटं काय बोलायचं. मग म्हटलं, "पण मलाही विचारायचंय."

आता त्या माझ्याकडे वळल्या. "शुभा, ऐक माझं. तू मला विचारू नकोस. मिलिंदला मी नाही म्हणू शकते, त्याला लहानपणापासून म्हणत आलेय. तू विचारलंस तर मला नाही म्हणता येणार नाही. मी येईन. आणि येऊन काय करीन? तिथे मी मिलिंदची आई. इथे भाजीवालीसुद्धा मला 'ड्रॉइंगवाळां बेन' म्हणते. मला अजून थोडे दिवस तेच राहायचंय."

शब्द ओठांवर होते. "या ना," एवढेच दोन.

"चल," त्या म्हणाल्या, "उजेड चाललाय. तिसरा राहिलाय अजून."

मी ट्रायपॉडचा पाय घट्ट धरून ठेवला. त्यांनी तिसरा फोटो घेतला. मी विचारलं नाही. घरी आल्यावर मिलिंदला सांगितलं, त्या नाही येणार, आणि आता तूही विचारू नकोस. तो चिडला, मग गच्चीवर जाऊन बसला.

दिवाळी झाल्यावर आम्ही पुण्याला आलो. पहिले काही महिने मी नुसती चिडचिड केली. इथे सगळे माझ्या मराठीला हसायचे. मी भाजीला शाक म्हणायची, दारातल्या कट्ट्याला ओटला. बोलायला कोणी नव्हतं. दुपारी एकटी जेवताना मला वाटायचं, का नाही विचारलं मी? एक शब्द टाकायचा अवकाश, आत्ता समोर बसून माझ्या आमटीला नावं ठेवत असत्या. त्यांचा राग यायचा, स्वतःचाही यायचा. आणि लगेच ती समाची गच्ची आठवायची आणि वाटायचं, बरं झालं नाही विचारलं. या दोन्हींच्या मधे मी आजही असते.

मग पुढचा शरद आला, आणि कुरियरनं एक सीडी. लॅबवाल्या दोस्ताकडून भरून घेतलेली. आत फोटो, सगळे तीन-तीन. काळपट, मधला, उजळ. मी घाबरून फोन केला, म्हटलं, काय झालं?

"काय होणार? फोटो काढले. आता तू एकत्र कर. मला ते माउस-बिउस जमत नाही."

तेव्हापासून ती रीतच पडली. नवरात्र संपलं की त्या रिक्षा करून, कधी शेजारच्या हंसाबेनना बरोबर घेऊन निघायच्या, फोटो काढायच्या आणि तीन-तीन करून पाठवायच्या. मी घरचं आवरून कॉम्प्युटर उघडायची आणि वासणा, सिंधरोट, भायलीची शेतं माझ्या पडद्यावर अर्धी अंधारात, अर्धी उजेडात यायची. मग फोन. ढग किती ठेवू? डावीकडचा बांध घेऊ का? खाली किती कापू? आई विचार करून सांगायच्या, मधेच विषय सोडून द्यायच्या, वांगी महाग झाली, गुडघा दुखतोय, मिलिंद वेळेवर जेवतो का. परत बांधावर यायच्या. मिलिंद म्हणायचा, एका झाडावर एवढं काय बोलता तुम्ही? दिवाळीपर्यंत रोज आमचं बोलणं व्हायचं. एरवी वर्षभर आम्ही आपल्या चार वाक्यांत फोन आटपणाऱ्या. त्या पुण्याला आल्या, पाहुण्या म्हणून, म्हटल्याप्रमाणे. सिंहगड बघितला, छान आहे म्हणाल्या, आणि परतीच्या गाडीत बसताना इतक्या खूश दिसल्या की मला रडू आलं.

असे काही शरद गेले. मग एका दिवाळीला आम्ही बडोद्याला गेलेलो असताना मी हंसाबेनकडे दिवाळीच्या फराळाचे मठिया द्यायला गेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक मोठा फोटो होता. त्यांच्या गावाकडचं शेत, नुकतं नांगरलेलं, वर ढगांनी भरलेलं आकाश, टोकाला एक झाड. मी बघतच राहिले. ढगांचा सगळा पांढरेपणा जागच्या जागी, नांगराच्या तासांतली ओली माती दिसत होती, झाडाखालची सावली सावलीच होती. पुढची जमीन इतकी मोकळी सोडलेली की मी असते तर घाबरून निम्मी कापली असती. आणि निम्मी कापली असती तर तो फोटो पडला असता.

"कोणी करून दिला हा?" मी विचारलं.

"तारां सासुए," हंसाबेन म्हणाल्या, अगदी सहज. "त्रण फोटा भेगा करीने. ए तो हवे बधुं जाते करे छे. शीख्याने तो बे वरस थयां."

तुझ्या सासूनंच, तीन फोटो एकत्र करून. आता सगळं स्वतः करतात. शिकून दोन वर्षं झाली. मी ओटल्यावर येऊन बसले. आधी मला रागच आला. दोन वर्षं मी डोळे फोडत बसते आहे, आणि या बाईंना माझ्यापेक्षा चांगलं येतं, आणि मला म्हणतात माउस-बिउस जमत नाही. खोटं कशाला बोलायचं माझ्याशी? मग राग कुठे गेला कळलं नाही. मला त्या तीन-तीन फोटोंचा आणि रोजच्या फोनचा सगळा हिशोब एकदम उमगला, आणि मी हंसाबेनच्या ओटल्यावर, हातात रिकामं ताट धरून, रडत बसले. समाच्या गच्चीवर जे मी विचारलं नव्हतं, त्याचं उत्तर त्या दर वर्षी कुरियरनं पाठवत होत्या.

घरी आले तर आई गॅससमोर. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय गं, डोळे का लाल?" मी म्हटलं, तेलाचा धूर. त्यांनी खिडकी उघडली. मागच्या खोलीत आम्ही ठेवून गेलेला जुना कॉम्प्युटर कापडानं नीट झाकून ठेवलेला होता.

पुढच्या नवरात्रानंतर सीडी आली. मी उघडली. सिंधरोटची कोतरं, काळपट, मधला, उजळ. मी फोन लावला.

"आई, फोटो मिळाले. आतल्या अंधाराचं काय करू? किती उघडू?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तूच बघ बाई," आई म्हणाल्या. "मला कुठे येतं त्यातलं?"

"बरं," मी म्हटलं. "मग मी नीट बघते आणि उद्या परत फोन करते."

"कर," त्या म्हणाल्या. "मी घरीच आहे."